परब आणि चौथा उपग्रह

आमच्या काळाचौकीच्या इमारतीत दत्ताराम परब नावाचे गृहस्थ दर शनिवारी संध्याकाळी आपला मोबाइल गच्चीवर नेतात आणि त्याला आकाश दाखवतात. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर काढावं तसं दोन्ही हातांत धरून. उभं राहायचं ते पाण्याच्या टाकीपासून दहा पावलं लांब, कारण टाकी म्हणे सिग्नल खाते. एकदा मी वाळलेल्या चादरी काढायला वर गेलो आणि सहज विचारलं, "काय परब, काय चाललंय?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाजूला व्हा. तीन आलेत, चौथा येतोय." मी भाबडेपणाने चौथा पाहुणा बघायला जिन्याकडे वळलो. चौथा म्हणजे उपग्रह, हे मला नंतर आमच्याच इमारतीतल्या सावंतांनी सांगितलं.

अशा माणसाला 'यापुढे आमच्याबरोबर गडावर येऊ नका' असं सांगायचं काम गेल्या महिन्यात माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगतो, ते काम मी आनंदाने घेतलं होतं.

आम्ही इमारतीतले सहा-सात जण महिन्यातून दोन रविवार गड चढायला जातो. सगळे पन्नाशीच्या पुढचे. चढण्यापेक्षा खाली उतरून मिसळ खाण्याकडे आमचा ओढा जास्त. वाट दाखवण्याचं काम परबांकडे, कारण ते त्यांनी स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं. हा माणूस पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्ट बंद पडली की आधी वीज बघायची, मग दरवाजा, मग दोर. हा क्रम त्यांच्या अंगात इतका मुरलाय की जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू त्यांना लिफ्टच वाटते. माझ्या टीव्हीचा रिमोट चालेना तेव्हा ते मदतीला आले, तळमजल्यावर जाऊन मीटर तपासून आले, येताना माझ्या दाराची कडी दोनदा लावून पाहिली आणि तासाभराने रिमोटमधले सेल बदलले. मी म्हटलं, "सेल आधी बघायचे ना." ते म्हणाले, "क्रमाने जायचं." हे त्यांचं ब्रीद. चहासुद्धा ते क्रमाने पितात, आधी वास, मग रंग. तोवर चहा गार होतो तो भाग वेगळा.

रस्ता विचारणं त्यांना मान्य नाही. वाटेत गावकरी भेटला तर राम राम करतील, त्याच्या गुरांची चौकशी करतील, पण गडाची वाट कुठली हे विचारणार नाहीत. "माणूस अंदाजाने सांगतो," म्हणतात, "उपग्रह मोजून सांगतो."

तर गेल्या महिन्यात कर्जतच्या बाजूला एका गडावर निघालो. अर्ध्या चढावर दाट रान लागलं, एका बाजूला उभा कडा, आणि तिथे वाटेला दोन फाटे फुटले. परबांनी फोन काढला. फोनला रेंज होती, घरी बोलता येत होतं, पण आपण कुठे आहोत ते त्याला कळेना. नकाशावरचा निळा ठिपका मागच्या ओढ्याशीच रुसून बसला होता.

"कोणी हलू नका," परब म्हणाले. "क्रमाने जाऊ."

मग क्रम सुरू झाला. आधी विमानवाला मोड चालू केला, बंद केला. मग बॅटरी वाचवायची सोय बंद केली. मग फोन बंद करून पुन्हा चालू केला, आणि तो चालू होईपर्यंत हनुवटी वर करून आकाशाकडे बघत राहिले. मग कव्हर काढलं. मग एका दगडावर चढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला लागले. खालून ते दृश्य असं दिसत होतं की दगडावर कोणाच्या तरी अंगात आलंय. एवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली, आमच्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "गडावं जायचं व्हय? उजवीकडनं जावा."

"थांबा, मावशी," परब दगडावरूनच म्हणाले. "तीन मिळालेत."

म्हातारीने मोळी सावरली आणि आमच्या नादी न लागता ती चालती झाली. पाऊण तास गेला. परबांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. मला वाटलं, हरण्याची लाज. चौथा उपग्रह एकदाचा आला, ठिपका जागचा हलला आणि फोनमधल्या होकायंत्राचा बाण खुशाल डावीकडे वळला. आम्ही बाणामागे गेलो आणि अर्ध्या तासाने एका कोरड्या ओढ्यात, काटेरी जाळीपुढे जाऊन उभे राहिलो.

तिथे सावंतांनी परबांच्या हातातला फोन उलटा करून बघितला. मागे आमच्या मंडळाने वर्गणीदारांना वाटलेला छोटा गणपती चिकटवलेला होता. फ्रिजवर लावायचा, पाठीला लोहचुंबक असलेला. परबांनी मघाशी कव्हर काढलं होतं, पण गणपती कव्हरवरून उचलून थेट फोनलाच लावला होता.

"अहो, चुंबक लावल्यावर होकायंत्र काय दिशा दाखवणार?" सावंत म्हणाले. "काढा तो."

"तो नाही निघणार," परब म्हणाले. "घरातून लावून दिलाय."

लिफ्टला कोणी लिंबू-मिरची बांधली तर यंत्राचा अपमान झाला म्हणून ओरडणारा हा माणूस. त्या दिवशी गड झाला नाही. खाली चहाच्या टपरीवर परब हात धुवायला गेले तेव्हा आम्ही एकमताने ठरवलं, आता पुरे. सांगायचं कोणी? शेजारचं दार माझं, म्हणून मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाक्य पाठ करून त्यांच्याकडे गेलो. परबांनी दार उघडलं आणि ते स्वयंपाकघरात गेले. खिडकीजवळ खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लकव्याने गेली, त्यानंतर त्या हॉस्पिटलखेरीज जिना उतरलेल्या नाहीत. एवढं मला माहीत होतं. इतकी वर्षं आमच्या दोन दारांत सहा फुटांचं अंतर असून त्याहून जास्त माहीत करून घ्यायची मला गरज वाटली नव्हती.

त्यांनी डाव्या हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला. परबांच्या फोनवरून आलेली कालची आमची सगळी वाट त्यावर ठिपक्याठिपक्याने उमटली होती.

"भाऊ, काल हंय पाऊण तास काय करी होतात?" त्यांनी विचारलं. "आणि मगे डावीकडे कित्याक वळल्यात? वाट तर उजवीकडे दिसता."

मी म्हटलं, फोनचा सिग्नल गेला होता.

"माका वाटला, हे पडले. ठिपको हलतच नाय. सकाळपासून मी तुमच्या वांगडा चलतंय, आणि अचानक सगळा थांबला."

"मग फोन करायचा ना, वहिनी. रेंज होती."

"फोनार हे नेहमी सगळा बराच आसा म्हणतत. माझे रिपोर्ट इले तेवाय तसाच म्हणालेले. ठिपको खोटा बोलना नाय."

मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी बसलो. दगडावर चढून हात हलवणारे परब मला आठवले आणि मी मनात त्यांना काय काय म्हणालो होतो तेही आठवलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

परब चहा घेऊन आले. लग्नानंतर दोघं मिळून गड चढायचे, हे मला त्या दिवशी कळलं. बशीत चहा ओतून त्यांनी वहिनींच्या ओठांना लावला आणि पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागले, आधी मोळीवाली मावशी भेटली, मग ओढा लागला, त्याला पाणी नव्हतं, पुढे करवंदीची जाळी होती. त्या मधूनमधून विचारत होत्या, करवंदं धरली होती काय, मावशी कुठल्या गावची. परब गावकऱ्यांच्या गुरांची चौकशी का करायचे, ते मला आता समजलं.

सांगून झाल्यावर वहिनींनी माझ्याकडे मान वळवली.

"मगे, येत्या आयतवारी आपल्याक खंय जावचा आसा?"

परबांचा हात बशीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की टपरीवरची आमची कुजबुज त्यांनी ऐकली होती. मी कशाला आलोय हे त्यांना दार उघडतानाच ठाऊक होतं. तरी चहा तीन कप केला होता.

"सोपा गड घेऊ, वहिनी," मी म्हटलं. "मोकळ्या कातळावरचा. झाडी नको, कडा नको, वर नुसतं आकाश."

"थांबा, नकाशा आणतो," परब म्हणाले आणि आत गेले. नकाशा बाहेरच्या टेबलावरच होता, पण ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.