शंभर मीटरवरची लेक

कोर्टाचा हुकूम हातात पडला तेव्हा मोजणीदाराने आधी कागद मोजला. सवयच ती. मग वाचला. बायकोच्या घरापासून शंभर मीटरच्या आत फिरकायचं नाही, बघत उभं राहायचं नाही. काही म्हणणं असेल तर मंगळवारी अकरा वाजता लेखी द्यावं. रविवारी लेक भेटणार की नाही, तेही त्याच दिवशी ठरणार होतं.

"तीन ओळी लिहा," वकीलबाई म्हणाल्या. "रस्त्याची मोजणी करत होतो. त्रास द्यायचा हेतू नव्हता. पुन्हा जाणार नाही. खाली सही. बाकी एक अक्षर नको."

"पण मोजणी एका दिवसात उरकली होती. मी नऊ दिवस गेलो."

"विचारलंय का कुणी तुम्हाला?"

घटस्फोटाचा दावा लागल्यापासून तो त्या घराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होता. ते नऊ दिवस चार वाजता बायकोच्या घरासमोर तिपाई रोवायची आणि मोजणीच्या जुन्या दुर्बिणीला डोळा लावायचा. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. दोरीवरचे कपडे वर उगवलेले, आणि शाळेतून आलेली आठ वर्षांची लेक गॅलरीला पायांनी लटकलेली. वेण्या वर तरंगायच्या, डोक्याखाली नुसतं निळं आभाळ. आता ही हलकेच सुटेल आणि आभाळात पडेल, असं वाटून तो श्वास धरून बघत राही.

तीन ओळी लिहायला बसला खरा. पण शंभर मीटर नेमके कुठून? दारापासून की गॅलरीपासून? नकाशा काढल्याशिवाय त्याला चैन पडेना. काढला, तर त्याचीच खोली हद्दीत निघाली. अर्धी. झोपल्यावर उशी आत, पाय बाहेर. त्याने खाट फिरवली. तर मोरी आत! मग शेजाऱ्याकडे आंघोळीची सोय लावली आणि हे सगळं, जिथे नऊ दिवस उभा होता त्या नऊ ठिपक्यांसकट, नकाशात दाखवून म्हणण्याला जोडलं.

कोर्टात बायकोचे वकील चक्रावले. "साहेब, आमची तक्रार चार दिवसांची आहे. यांनी नऊ कबूल केलेत!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"ही उशी कसली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझी, साहेब. शुक्रवारपर्यंत हद्दीत होती."

न्यायाधीश बायकोकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"यांनी कधी हात उगारला नाही, साहेब. पण दहा वर्षं भिंतीवरचा फोटो किती कलला, मला यायला किती मिनिटं उशीर झाला, सगळं मोजलं. वेगळी झाले, तर रस्त्यावरून मोजायला लागले. स्वतःच्या घरात अंग चोरून वावरतेय मी."

मोजणीदाराने नकाशावरच्या नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"हे यात आलंच नाही," तो म्हणाला. "मी लेकीला बघायचो. पण गॅलरी दोघींची आहे. हुकूम राहू द्या, साहेब. लेक मात्र उलटी दिसली तरी चालेल, दिसू द्या."

"उलटी म्हणजे?" बायकोने न राहवून विचारलं. त्याने वेण्यांसकट सांगितलं. ती हसली नाही. पण ओठ दाबून धरावे लागले तिला.

हुकूम कायम राहिला. रविवारी दहा ते बारा, बागेत. आई फाटकाशी सोडेल, बाप दुसऱ्या टोकाला थांबेल.

शनिवारी वकीलबाईंचा फोन आला. "तिकडून निरोप आहे. दुर्बीण आणा, लेकीचा हट्ट आहे. ठीक दहाला एक मिनिट बघायचं, मग झाकण लावायचं."

तो फाटकापासून एकशे दोन मीटरवर उभा राहिला. दोन मीटर पदरचे. दहा वाजता डोळा लावला. उलट्या जगात लेक पहिल्यांदाच सुलटी दिसली. डोकं वर, आणि दोन्ही हात त्याहून वर, आभाळाच्या जागी आलेल्या मातीला टेकलेले. खाली, तिचे घोटे घट्ट धरून, बायको उलटी लटकत होती आणि खदखदून हसत होती.

मिनिट मोजायचं तो विसरला. झाकण अंदाजानेच लावलं.