टिल्लू सर, उंदीर आणि लाल रेघ

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणी "घरात उंदीर शिरलाय" म्हटलं की लोक औषध सुचवतात. टिल्लू सर विचारतात, "कुठला?"

"म्हणजे?"

"म्हणजे जात कुठली? करडा आणि मिशीवाला म्हणू नका. तसे आपले सेक्रेटरीही आहेत."

सर म्हणजे आमचे शेजारी, झूलॉजीचे रिटायर्ड प्रोफेसर. अख्खं करिअर त्यांनी शेतातल्या उंदरांची गुणसूत्रं मोजण्यात घालवलं. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले ते धाग्यासारखे तुकडे, ज्यांच्यात आईबापाकडून आलेलं सगळं भरलेलं असतं. सरांचं म्हणणं असं की दोन उंदीर दिसायला सख्खे भाऊ असतील, पण एकाची चाळीस भरली आणि दुसऱ्याची कमी, तर ती वेगळी जात असू शकते, इतके दिवस कुणाच्या लक्षातच न आलेली. अशांची जोडी लावली तर कधीकधी पिल्लं होतात, पण त्या पिल्लांना पुढे पिल्लं होत नाहीत. हे त्यांनी माझ्या ताईच्या साखरपुड्यात, जेवणाच्या रांगेत, नवऱ्या मुलाच्या आजीला समजावून सांगितलं.

दुसरा त्रास म्हणजे त्यांचं "मोजलंत का?" मी एकदा म्हटलं, ऑफिसला जायला दोन तास लागतात. "मोजलेस का?" मोजले. एक तास बावन्न मिनिटं. त्यानंतर आठवडाभर लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसत होते.

आणि चुकणं हा प्रकार सरांकडे नाहीच. एकदा चुकून खालच्या मजल्यावरच्या दाराला किल्ली लावत होते. लोकांनी दार उघडलं, तर म्हणाले, "कुलूप का बदललंत?"

तर गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं. डायनिंग टेबलवर मायक्रोस्कोप. सरांना मोतीबिंदू, ऑपरेशन अर्थातच 'बघू'वर.

"हडपसरला जे एक शेत उरलंय ना, तिथल्या उंदराची स्लाइड आहे. पंचवीस पेशींतली गुणसूत्रं मोज. किती यायला हवीत ते सांगणार नाही, नाहीतर तेवढीच मोजशील."

पहिल्या पेशीत अडतीस. म्हटलं, सर, चाळीसला दोन कमी आहेत. "पुढची." अडतीस. डोळे बाहेर यायची वेळ आली, पण पंचविसावीही अडतीसच. मी तर उडालोच. नवीन जात असेल, सर, जगाला सांगायला हवं!

सरांनी कपाटातून एक जुनी वही काढली. सुबक अक्षरात पंचवीस ओळी, प्रत्येकीपुढे ३८. सगळ्यावर आडवी लाल रेघ. खाली सरांचा शेरा: 'हडपसरची स्लाइड खराब. पेशी फुटून दोन गुणसूत्रं सांडली. पुन्हा मोज.'

सुबक अक्षर काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. काकू सरांच्याच लॅबमध्ये रिसर्च करायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. या शेऱ्यानंतर त्यांनी रिसर्च सोडला आणि शाळेत शिकवायला लागल्या. "लग्न आधीच झालेलं, नाहीतर तेही राहिलं असतं," असं त्या नंतर मला म्हणाल्या.

"एखादी पेशी फुटते," सर वहीकडे बघत म्हणाले. "पंचवीस एकसारख्या फुटत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं."

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, जरा जास्तच मोठ्यांदा, "अगं, हडपसरची अडतीसच भरली."

आतला मिक्सर थांबला.

"मोजलंत का?"

आता काहीतरी खवचट येणार म्हणून मी वाट बघत होतो. सरांनी मला स्टुलावरून उठवलं आणि ते आपल्या बाहीनं पुसलं.

"नाही. मला आता दिसत नाही नीट. तू मोज."

काकू हात पुसत आल्या, चष्मा कपाळावर सरकवून बसल्या. सर पेन्सिल घेऊन शेजारी उभे राहिले, तोंडी परीक्षेला आल्यासारखे.

मी चपला घातल्या. पण दार ओढून घेतल्यावर बराच वेळ तिथेच उभा होतो. आतून काकूंचा एकेक आकडा ऐकू येत होता. सर एकदाही 'पुन्हा' म्हणाले नाहीत.