सोमाजी अस्वलाने गाडीतला आवाज शोधला त्याची गोष्ट

एका जंगलात, जिथे सगळ्यांना चार-चार पाय होते आणि तरीही सगळ्यांना गाडी हवी होती, सोमाजी नावाचं एक अस्वल राहत होतं.

अस्वलाला गाडी चालवता येते का, असं विचारू नका. तुमच्या गल्लीतल्या लोकांना येते का? मग झालं तर. सोमाजीला यायची तेवढी यायची.

त्याची जीप जुनी होती. आधी ती एका वाघाची होती. वाघाने ती शिकारीसाठी घेतली, पण तिचा आवाज ऐकून शिकार आधीच पळून जायची. म्हणून त्याने ती पडेल त्या भावाला काढून टाकली. सोमाजीने ती घेतली, हळदकुंकू वाहिलं, समोर लिंबू-मिरची बांधली आणि ऐटीत घरी आणली.

जंगलात गॅरेज एकच होतं, लखाजी तरसाचं. तरस हसतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. लखाजी बॉनेट उघडायचा, आत बघायचा आणि आधी हसायचा. मग आकडा सांगायचा. हसणं जितकं लांबलं, तितका आकडा मोठा. सोमाजीच्या जीपमध्ये डोकावून तो एकदा इतका हसला, की त्याला टायरवर बसून पाणी प्यावं लागलं. सोमाजीचा त्या हंगामातला सगळा मध त्या हसण्यात गेला.

घरी येऊन सोमाजी बायकोला म्हणाला, "कौतिका, पुन्हा त्याची पायरी चढणार नाही. गाडीचं दुखणं आता माझं मीच ओळखणार."

"ओळखा," कौतिका म्हणाली. ती वारूळ उकरत होती. संसारात कुणाला तरी वारूळ उकरावं लागतं.

आता ओळखायचं कसं? त्याची सोय जंगलात होती. वडाच्या झाडावर गुणवंत नावाचा एक वानर रोज संध्याकाळी 'गाडीचे आजार ओळखा, पैसे वाचवा' या विषयावर बोलायचा. गुणवंतकडे गाडी नव्हती. तो कधी गाडीत बसलाही नव्हता. त्यामुळे त्याचं बोलणं कुठेच अडत नसे. शेवटी तो म्हणायचा, "आवडलं असेल तर फांदी हलवा." मग खालचे सगळे फांद्या हलवायचे.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. गुणवंत खोटं काही शिकवत नव्हता. गाडीखाली काळा डाग पडला तर ऑइल गळतंय, हिरवट पाणी पडलं तर रेडिएटर बघा, म्हणायचा. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल पितंय. काळा आला तर डिझेल जास्त जळतंय. सुरू करताना कुईं केलं तर पट्टा सैल, ब्रेक दाबल्यावर खर्र केलं तर लायनर संपले. सोमाजी पहिल्या रांगेत बसून हे ऐकायचा. रात्री झोपेतसुद्धा पुटपुटायचा, "निळा... ऑइल." कौतिका कूस बदलायची.

आणि एके दिवशी जीप सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक्.

सोमाजीने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती. गुणवंतने हेच सांगितलं होतं. सोमाजीने गरम पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीने टोकं घासली, वायरी घट्ट बसवल्या, चावी फिरवली. जीप सुरू.

पहिलंच निदान बरोबर निघालं. बाळांनो, देवाने असं कुणाचं करू नये.

त्या दिवसापासून सोमाजीला जंगलात डॉक्टर म्हणू लागले. आता, या जंगलात एक रीत होती. कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं, की जाणाऱ्या-येणाऱ्याने थांबायचं, आत डोकवायचं आणि काहीतरी मत द्यायचं. न बोलता पुढे जाणं हा गाडीवाल्याचा अपमान समजला जाई. पूर्वी अशा वेळी सगळे एकदम बोलायचे. आता सगळे बोलून झाले, की सोमाजीकडे बघायचे. सोमाजी डोळे मिटून इंजिनाला कान लावायचा आणि निकाल द्यायचा.

एकदा एका रानडुकराला त्याने सांगितलं, "गिअरबॉक्स गेला." रानडुक्कर लखाजीकडे गेलं आणि म्हणालं, "गिअरबॉक्स गेलाय. डॉक्टर म्हणाले."

लखाजी हसला नाही. त्याने नम्रपणे मान हलवली आणि गिअरबॉक्स बदलून दिला. दुसऱ्या दिवशी रानडुक्कर परत आलं.

"आवाज तसाच येतोय," ते म्हणालं.

"आवाजाचं तुम्ही कुठे सांगितलंत?" लखाजी म्हणाला. "तुम्ही गिअरबॉक्स सांगितलात. मी गिअरबॉक्स बदलला. आवाजाचं काय ते आता डॉक्टरांना विचारून या."

त्या दिवाळीला लखाजीने सोमाजीच्या घरी मधाचं एक मोठं पोळं पाठवलं. सोमाजीला वाटलं, आपल्या ज्ञानाची कदर झाली. मागे बसलेल्यांनो, हसू नका. तुम्हीही असंच समजला असता.

मग चैत्र आला आणि मोहाची फुलं पडायला लागली.

कौतिकाचं माहेर डोंगरापलीकडे होतं. तिथे मोहाची झाडं होती आणि झाडांखाली तिची म्हातारी आई एकटी राहायची. दोन हंगाम कौतिकाचं जाणं झालं नव्हतं. एकदा जीपचा पट्टा तुटला होता, एकदा रेडिएटर फुटला होता. या वर्षी आईने टिटवीकडून निरोप पाठवला. टिटवीला काही हळू सांगता येत नाही, त्यामुळे तो सगळ्या जंगलाने ऐकला.

"माय म्हणते, यंदा ये. डोळ्यांना आता दिसत नाही, फुलं वासावर वेचते. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

कौतिकाने ऐकलं आणि लगेच गाठोडं बांधलं. आईसाठी मध घेतला, वाळवलेली बोरं घेतली. सोमाजीने ऑइल बघितलं, पाणी बघितलं, टायर दाबून बघितले. दोघं निघाली. कौतिका पुढच्या सीटवर इतकी खूश होती, की ती चक्क गाणं गुणगुणत होती.

वडाच्या वळणावर आवाज आला. टुक. टुक. टुक.

सोमाजीने गाडी थांबवली. आवाजही थांबला.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं. चला."

"असं कसं चला? आवाज येतोय."

"ब्रेक लागतात ना?"

"लागतात."

"गाडी ओढते ना?"

"ओढते."

"मग काय होतंय?"

"अगं, आवाज होतोय."

सोमाजीने जीप जरा पुढे नेली. टुक टुक टुक. मग जोरात पळवली, तर आवाज बंद. हळू केली, पुन्हा सुरू.

"जोरात गेलं की येत नाही," तो विचारात पडून म्हणाला.

"मग जोरात चला," कौतिका म्हणाली.

"तसं नसतं ते. येत नाही म्हणजे गेला असं नाही. तो लपतोय. डोंगरात नेमका दगा देईल आणि मग लखाजीला बोलवावं लागेल. तो डोंगरभर हसेल. दोन दिवस थांब, मी शोधतो आणि मग निर्धास्त जाऊ."

त्याने जीप माघारी वळवली. कौतिकाने गाणं बंद केलं.

दारात बॉनेट उघडलं आणि रीतीप्रमाणे जंगल जमलं. घोरपड जीपखाली शिरली, खालून सगळं ठीक आहे म्हणाली आणि तिथेच सावलीत झोपली. गव्याने जीपला खांदा लावून हलवून बघितलं. त्याने आवाज कळला नाही, पण एक दार निखळलं. खवल्या मांजर आवाज ऐकला की अंगाची गुंडाळी करून घ्यायचं. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं, की प्रकरण गंभीर आहे. मोर म्हणाला, "रंग बदला." त्याला गाडीतलं तेवढंच कळायचं. गुणवंत वडावरून खास उतरून आला आणि म्हणाला, "टुक हा आवाज ॲक्सलचा असतो. काही वेळा नसतो." मग सगळ्यांनी फांद्या हलवल्या.

लखाजीही त्या वाटेने गेला. थांबला, वाकून बघितलं. रीत होती म्हणून बोलला, "शोधा डॉक्टर. तुम्हाला सापडेल." आणि न हसता निघून गेला.

सोमाजीने पुढचा ॲक्सल काढला. ॲक्सल चांगला होता. मग स्प्रिंगच्या पाट्या काढल्या. त्याही चांगल्या होत्या. सगळं परत जोडलं तेव्हा दोन नट उरले. ते कुठले, हे शोधायला पुन्हा सगळं सोडवलं. अंगणात गाडी कमी आणि तिचे भाग जास्त झाले. तो मात्र कमालीचा आनंदात होता. रोज सकाळी हात चोळत म्हणायचा, "आज सापडतोच."

तिकडे मोह गळत होता. वारा आला की डोंगरावरून तो गोड वास थेट कौतिकाच्या दारात यायचा. अस्वलाचं नाक, त्याला काही लपत नाही. कौतिका दारात उभी राहायची आणि वास घ्यायची. सुरुवातीला वास दाट होता. मग तो थोडा थोडा विरळ व्हायला लागला. तिला मनातून फार भीती वाटायला लागली.

एका पहाटे ती गाठोडं घेऊन बाहेर आली.

"मी निघते," ती म्हणाली.

"अगं, थांब की. आता फक्त स्टिअरिंग सोडवायचं राहिलंय."

"तुम्ही सोडवा. मी चालत जाते."

"चालत?" सोमाजी पाना हातात धरून उठला. "लोक काय म्हणतील? सोमाजीच्या दारात जीप असून बायको चालत गेली."

"दारातच आहे ना," कौतिका म्हणाली आणि वाटेला लागली.

ओढा उतरून, डोंगर चढून ती दुसऱ्या दिवशी माहेरी पोचली. माय झाडाखाली बसून फुलं चाचपडत होती. फार वाळली होती. कौतिकाला बघवेना. ती तिच्याजवळ बसली आणि रडली. मायने तिच्या अंगावरून पंजा फिरवला आणि पाय हुंगले.

"चालत आलीस?"

"हो."

"जावई?"

"गाडीचं निदान चाललंय, माय."

"काय झालंय गाडीला?"

"काहीच झालेलं नाही," कौतिका म्हणाली. "म्हणूनच सापडत नाहीये."

म्हातारी खूप हसली. हसताना तिला खोकला आला. मग दोघींनी उरलेली फुलं वेचली. माय वास घेऊन सांगायची, कौतिका वेचायची. दुपारी दोघी सावलीत पडून जुन्या गोष्टी काढायच्या. कोण कुणाच्या पोळ्यावर चढलं, कोण कसं पडलं. माय अधूनमधून म्हणायची, "जावई आले असते तर बरं झालं असतं." कौतिका पुढची गोष्ट काढायची.

फुलं संपली. मोहाला फळं धरली.

इकडे काय झालं, उभ्या उभ्या जीपचं एक मागचं चाक हवा जाऊन बसलं. सोमाजी वैतागून ते बदलायला गेला. चाकावरची टोपी त्याने काढली आणि तिच्यातून एक खडा खाली पडला. बोराएवढा. सोमाजीने खडा उचलला, परत टोपीत टाकला आणि टोपी हलवली. टुक, टुक, टुक. जोरात गरगर फिरवली, तर खडा कडेला चिकटून गप्प.

तो अंगणात नाचला. मग खडा पळसाच्या पानात नीट गुंडाळला, गाडी जोडली आणि सुसाट निघाला. सगळ्या जंगलाने फांद्या हलवल्या. जीप ओढ्यातून गेली, डोंगर चढली, उतरली. कुठे कुरकुरली नाही. सोमाजी सासुरवाडीच्या अंगणात हॉर्न वाजवतच शिरला.

"सापडला! कौतिका, अगं सापडला. लखाजीला काही न देता."

कौतिका झाडाखाली एकटीच बसली होती.

"हॉर्न बंद करा," ती म्हणाली. "माय गेली. परवा पहाटे."

सोमाजीने हात काढला. तो गाडीतून उतरला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. म्हातारी त्याला आवडायची. जावई येणार म्हटलं, की ती पोळ्यातला पहिला मध कुणाला शिवू द्यायची नाही. त्याला ते सगळं आठवलं आणि तो तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. कौतिकाने त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काय होतं?"

"काय?"

"त्या गाडीत."

सोमाजीने पळसाचं पान उघडलं. "खडा. चाकाच्या टोपीत अडकला होता."

कौतिकाने खडा हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"म्हणजे खर्च काही आला नाही."

"नाही," सोमाजी म्हणाला.

"बरं झालं," कौतिका म्हणाली आणि खडा त्याच्या हातात परत दिला.

तात्पर्य : गाडीतला बिघाड गाडी चालवल्यावरच कळतो. म्हणून ज्याला दुरुस्तीचे पैसे वाचवायचे आहेत, त्याने गाडी चालवू नये, नुसती उघडून बसावं. ज्यांना कुठे वेळेवर पोचायचं असेल त्यांनी खुशाल पायी जावं. पायही कुरकुरतात, पण सुदैवाने त्यांना बॉनेट नसतं.