परवा या

ज्यूस बारच्या उद्‌घाटनाला वीस मिनिटं उरली होती आणि बर्फाचा पत्ता नव्हता.

"नऊला टाकतो म्हणाला होता मेला," काकू म्हणाल्या. काउंटरवर मोसंब्यांची रास होती, संत्र्यांची होती, अननस शेंड्या वर करून उभे होते. चाळीस ग्लास धुऊन पालथे घातलेले होते. दाराला लाल रिबन होती. नवा कोरा ज्यूसर मधोमध नवरदेवासारखा बसलेला होता. फक्त बर्फ नव्हता, आणि बर्फाशिवायचा ज्यूस म्हणजे काकूंच्या मते आजाऱ्याचं पथ्य.

"मीच जाऊन आणते. तुम्ही बसा इथे. लोक आले तर बसवून घ्या, पाणी द्या. फार बोलू नका. आणि मुख्य म्हणजे कशाला हात लावू नका."

"बरं," काका म्हणाले.

हे 'बरं' काकू अडतीस वर्षं ऐकत होत्या. त्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण नवऱ्याला एकटं सोडणं आणि बर्फाशिवाय उद्‌घाटन करणं यांत जास्त धोक्याचं काय याचा हिशेब करून त्या निघाल्या.

वास्तविक ते दुकान घड्याळ दुरुस्तीचं. आधी काकांचे वडील बसायचे, मग काका बसू लागले. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं, सगळे त्यांना परवाकाका म्हणत. घड्याळ कुठलंही असो, बिघाड कसलाही असो, काका डोळ्याचं भिंग वर सरकवून एकच वाक्य बोलत, "ठेवून जा, परवा या." पट्ट्याची नुसती पिन बसवायची असली तरी परवा. "तोंडावर करून दिलं की माणसाला वाटतं, एवढंच होतं तर मी घरीच केलं असतं," हे त्यांचं तत्त्व. मग चिठ्ठी फाडून द्यायची. तिच्यावर चार रकाने छापलेले होते: नग, दोष, मालक, केव्हा. चौथ्या रकान्यात 'परवा' छापूनच घ्यावं असं छापखानावाल्याने एकदा सुचवलंही होतं.

लोक परवा येत आणि पुन्हा परवाचा वायदा घेऊन जात. रागावत कुणी नसे. खरं सांगायचं तर घड्याळ हे निमित्त होतं. दुकानात दोन स्टुलं होती, पंखा होता, आणि भिंतीवरची अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवायची, त्यामुळे कुणालाच उशीर व्हायचा नाही. कुणाच्या मुलीचं जमलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं आधी त्या स्टुलांवर कळायचं आणि मग संबंधित घरात. पुढे लोक फोनमध्ये वेळ बघायला लागले. गेल्या सबंध वर्षात दुरुस्तीला एकोणीस घड्याळं आली. त्यातली सहा नातेवाइकांची होती आणि एक काकांनी स्वतःच पाडलं होतं.

दुकानाचा अर्धा हिस्सा काकांच्या धाकट्या भावाचा. भाऊजींना घड्याळात रस नव्हता, रसातही नव्हता. त्यांनी चपला-बुटांचा एक व्यापारी गाठून ठेवला होता, जागा भाड्याने घ्यायला तयार असलेला. "दादाने आता घरी आराम करावा," असं ते प्रेमाने म्हणायचे.

काकू धास्तावायच्या त्या या आरामाच्या कल्पनेने. एकदा काका तापामुळे तीन दिवस घरी होते, तेवढ्यात शिलाई मशीन, कुकरची शिट्टी आणि दारावरची घंटा अशा तीन वस्तू 'नीट' झाल्या. त्यातली घंटा अजून वाजत नाही. काकूंनी भाऊजींकडून एक आठवडा मागून घेतला. "ज्यूस बार काढते. सात दिवसांत दुकानात गर्दी दिसली नाही, तर किल्ली तुमच्या हातात." काकांची अट एकच होती: भिंतीवरची, मालकांनी परत न नेलेली अकरा घड्याळं हलवायची नाहीत. "मालक आले तर?" ते म्हणाले. कोण येणार होतं?

तर काकू बर्फाला गेल्या आणि काकांनी ज्यूसरचं बटण दाबलं. हात लावला नाही, फक्त बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. दुसऱ्या कुणाला तो आवाज चांगला दणदणीत वाटला असता. काकांनी मान तिरकी केली.

"दात घासतोय," ते स्वतःशी म्हणाले, आणि खणातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

दहा वाजता निवृत्त मुख्याध्यापक आले तेव्हा काउंटरवर पांढरं फडकं अंथरलेलं होतं, त्यावर ज्यूसर सुट्ट्या भागांत ओळीने झोपला होता आणि काका डोळ्याला भिंग लावून एका दातेरी चाकाची चौकशी करत होते.

"काय हो, उद्‌घाटन आहे ना? मला एक मोसंबी. साखर नको, डॉक्टर ओरडतात."

काकांनी भिंग वर सरकवलं. समोर गिऱ्हाईक, हातात चिमटा, फडक्यावर उघडं यंत्र. चाळीस वर्षांची सवय होती. तिने काकांना विचारलंसुद्धा नाही.

"परवा या," ते म्हणाले, आणि चिठ्ठी फाडली. नग: मोसंबी, एक. दोष: साखर. मालक: मुख्याध्यापक. केव्हा: परवा.

मुख्याध्यापकांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि "बरं, येतो," म्हणून निघाले. स्वतःच्या घराच्या फाटकापर्यंत गेल्यावर त्यांना वाटलं की काहीतरी चुकतंय. पण चिठ्ठी तर खिशात होती.

मग गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. (नग: गाजर. दोष: घसा बसला आहे.) मग हातात ट्रे घेऊन समोरचा बेकरीवाला. (नग: अननस, दोन. दोष: बायकोला आंबट चालत नाही.) एखाद्याने कुरकुर केली की रांगेतला दुसरा त्याला गप्प करी: "अहो, परवाकाका आहेत ते! आज दिलं असतं तर मला काळजी वाटली असती."

काकू बर्फाच्या लादीमागोमाग हातगाडीबरोबर चालत आल्या तेव्हा लादीचा तिसरा हिस्सा रस्त्याला लागला होता आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"कुणीच आलं नाही?" त्यांचा आवाज बारीक झाला.

"आलं की. चौतीस जण."

"मग गेले कुठे?"

"घरी. परवा येतील." काकांनी चिठ्ठ्यांच्या अर्ध्या प्रतींची गड्डी अभिमानाने पुढे सरकवली.

काकूंनी गड्डी बघितली, फडक्यावरचा ज्यूसर बघितला. मग खाली बसल्या, कारण स्टूल जवळ होतं.

"अहो, ज्यूस होता तो! ज्यूस! लोकांना तहान आज लागते!"

"पण दात घासत होता गं. महिनाभरात झिजला असता."

नेमके तेव्हाच भाऊजी दारात उभे राहिले. रिबन अजून तशीच होती. तिच्याखालून वाकून ते आत आले, रिकामी स्टुलं मोजली, वितळणारा बर्फ पाहिला.

"वहिनी, मी काही बोलत नाही."

"तुम्ही बोलत नाही म्हणता ना भाऊजी, तेव्हाच धडकी भरते."

"नाही, आठवडा दिलाय म्हणजे दिलाय. पण ते बुटवाले परवा अकराला जागेचं माप घ्यायला येतायत. नुसतं माप. मापाला काय जातंय?"

"परवा?" काका म्हणाले. "परवा जरा गर्दी आहे."

भाऊजींनी थोरल्या भावाकडे दयेने पाहिलं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी काकू नवऱ्याशी बोलल्या नाहीत. काकांनी ज्यूसर जोडला. एक वायसर उरला, तो त्यांनी खिशात टाकला. यंत्र मात्र असं चालू लागलं की चालू आहे हे हात लावून बघावं लागे. काकू दुकान उघडून, पदर खोचून बसल्या. दिवसभरात तिघं डोकावले.

"झालं का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"या ना! लगेच देते. अननस ना?"

"छे छे, परवाची चिठ्ठी आहे माझी, म्हणजे उद्या. सहज विचारलं." आणि तो गेला. बाकीचे दोघेही सहजच आले होते. काकूंनी एक संत्रं सोलून स्वतःच खाल्लं. संध्याकाळी त्या गड्डी फाडायला निघाल्या तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला. "चिठ्ठी फाडायची नसते."

"कुणी येणार नाही हो," काकू म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं नवऱ्याशी हे एकच वाक्य.

माणसाचा स्वभाव मोठा मजेशीर असतो. फुकट मिळणाऱ्या ग्लासासाठी जो रस्ता ओलांडत नाही, तो आपल्या नावावर काही लिहून ठेवलंय म्हटलं की चष्मा विसरून धावत येतो. तिसऱ्या दिवशी साडेनऊला काकूंनी कुलूप काढलं तेव्हा मुख्याध्यापक पायरीवर उभे होते. दहाला रांग बेकरीपर्यंत पोचली आणि पावणेअकराला कोपऱ्यावर वळली. चौतीस चिठ्ठ्यांची चौतीस माणसं आली, त्यांच्याबरोबर घरची आली, आणि रांग कसली म्हणून विचारणारी आली. काकू कापत होत्या, गाळत होत्या, ओतत होत्या. काका चिठ्ठी घेऊन प्रतीशी जुळवत आणि ओरडत, "गाजर एक, घसा!"

मध्येच हॉस्पिटलातली एक नर्स पुढे आली. तिच्या हातातली चिठ्ठी पिवळी पडलेली होती.

"काका, तुमची ज्यूसची चिठ्ठी जपून ठेवायला आईचा डबा उघडला, तर त्यात ही होती. गजराचं घड्याळ. चौदा वर्षं झाली. आई तर... आता असेल का ते?"

काकांना शोधावंसुद्धा लागलं नाही. त्यांनी भिंतीवरचं चौथं घड्याळ उतरवलं, पुसलं, किल्ली दिली आणि तिच्या हातात ठेवलं. "मालक आले," ते काकूंना म्हणाले. नर्सने घड्याळ कानाला लावलं, आणि तिच्यामागचे लोक जरा वेळ घाई करायचं विसरले.

याच सुमाराला भाऊजी बुटांच्या व्यापाऱ्याला घेऊन आले. व्यापाऱ्याच्या हातात मापाची टेप होती.

"ओ, रांगेत या!" बेकरीवाला ओरडला.

"अहो, मला ज्यूस नकोय."

"सगळे असंच म्हणतात."

"दुकान माझं आहे!" भाऊजी चिडले. "अर्धं!"

"मग अर्ध्या रांगेत उभे राहा," मुख्याध्यापक म्हणाले. "चिठ्ठी आहे का?"

तासाभराने, घामाने निथळत, दोघं काउंटरशी पोचले. व्यापाऱ्याला आता खरोखरच तहान लागली होती. "एक अननस द्या हो," तो म्हणाला. काकांनी आधी फळांच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पस्तिसावी चिठ्ठी फाडली. "परवा या."

व्यापारी बाहेर आला. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.

"साहेब, ही जागा मला नको."

"का? चांगली मोक्याची..."

"तेच म्हणतोय. माझ्या दुकानात पाच वर्षांत अशी रांग लागली नाही. इतकं चालणारं दुकान बंद करून तुम्ही मला देताय, म्हणजे जागेत काहीतरी खोट असणार. मी धंदा करतो, खुळा नाही." चार पावलं जाऊन तो परत आला. "चिठ्ठी मात्र ठेवतो."

भाऊजी पायरीवर बसले. काकूंनी त्यांना तळाचा उरलेला संत्र्याचा अर्धा ग्लास रस दिला. तो ते प्यायले, आणि ओठ पुसत म्हणाले, "वहिनी, आठवडा काय, राहू दे. वर्षभर बघू." मग जरा थांबून, "साखर थोडी कमी."

दुपारी दुकान रिकामं झालं. फळांची सालं बादलीत, ग्लास पालथे, भिंतीवर दहा घड्याळं आणि एक फिकट चौकोन. काकू हात पुसत बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून एक लहानसा कागद काढून काउंटरवर ठेवला. घड्यांवर तो इतका झिजला होता की चार तुकडे नुसत्या ओळखीने एकत्र राहिले होते.

नग: मनगटी घड्याळ. दोष: मागे पडतं. मालक: काकूंचे वडील. केव्हा: परवा.

"अकरा खेपा घातल्या होत्या मी," काकू म्हणाल्या. "शेवटी बाबा म्हणाले, घड्याळ काही मिळत नाही, निदान जावई तरी पदरात पाडून घेऊ. आज सगळ्यांना मिळालं. माझं?"

काका वाकले. सगळ्यात खालचा, घट्ट बसलेला खण ओढून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. ते चालू होतं. वेळही बरोबर दाखवत होतं, त्या दुकानात असं पहिलंच.

"रोज किल्ली देत होतात?"

"हं."

"नीट कधी झालं होतं?"

"तू दिलंस त्याच दिवशी. नुसती धूळ होती." काका टेबलाकडे बघत म्हणाले. "देऊन टाकलं असतं तर परवा तू कशाला आली असतीस?"

काकूंनी घड्याळ मनगटाला बांधलं. पट्टा पुरुषी होता, दोन भोकं जास्त पाडावी लागणार होती. मग त्यांनी लपवून ठेवलेली दोन मोसंबी काढली, चिरली, यंत्रात घातली. यंत्राने आवाज केला नाही. मग चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढून त्यांनी लिहायला घेतलं. नग: नवरा, एक. दोष: मागे पडतो. मालक: मी. चौथ्या रकान्यात त्यांनी 'आत्ता' असं लिहिलं आणि चिठ्ठीवर भरलेला ग्लास ठेवला.

काकांनी भिंग डोळ्याला लावून तो शब्द दोनदा वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"लगेच?" ते म्हणाले. "अगं, असं लगेच देत जाऊ नकोस. लोकांचा विश्वास उडेल."