गाडेकर सरांचा लिथियमवरचा राग

गाडेकर सर कोणावर ओरडतायत हे बघायला मी पहिल्यांदा धावत गेलो, तेव्हा खोलीत त्यांच्याशिवाय कोणीच नव्हतं. समोर बटणाएवढी बॅटरी होती. तिला ते म्हणत होते, "बेइमान! कालपर्यंत तर नीट चालत होतीस!"

मी त्यांच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. सर पिशोर गावचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक; संशोधन लिथियमच्या बॅटरीवर. लिथियम धातूचा पातळ पत्रा घातला तर बॅटरीत कितीतरी जास्त वीज मावते. पण चार्जिंग करत गेलं की त्या पत्र्यावर सुयांसारखे काटे उगवतात, मधला पडदा फाडतात आणि बॅटरी मरते. सरांना हा स्वतःचा अपमान वाटतो.

"हवा लागू देत नाय, पाण्याचा थेंब लागू देत नाय, नवाबासारखं काचेच्या पेटीत ठेवतो. अन् हा लिथियम घरातच काटे काढतो!"

त्यांचा राग माणसांनाही पुरतो. कँटीनमध्ये कोणी बॅटरीला नावं ठेवली की संपलंच. "मे महिन्यात गाडीत काचेपाशी फोन ठेवता ना? तुम्ही बसून दाखवा तिथं!"

यंदा त्यांनी पत्र्याला एक पातळ लेप दिला आणि काटे उगवायचे थांबले. यंत्रावर एक बॅटरी महिनोन् महिने भरत-उतरत राहिली. ती किती वेळा भरली-उतरली तो आकडा सर रोज सकाळी बघून "हं" म्हणायचे. याहून जास्त आनंद त्यांना जमत नाही.

मग तपासणी समिती आली. त्यातल्या एका पाहुण्यांनी यंत्राची पिन भिंतीतून काढून तिथं आपला मोबाइल लावला. यंत्र बंद पडलं आणि इतक्या महिन्यांची चाचणी मधेच तुटली.

"साहेब, कोणत्या हक्कानं?" सर कडाडले.

"अहो, दहाच मिनिटं. बॅटरी संपली होती."

"तुमची संपली म्हणून माझी मारली?"

प्राचार्य मध्ये पडले. "गाडेकर, पाहुणे आहेत ते!"

"पाहुणे आहेत तर चहा घ्या म्हणावं! वीज कशाला घेता?"

शेवटी प्राचार्यांनी त्यांना माफी मागायला लावली. ती त्यांनी मागितली, पण ओरडूनच.

दुपारी मी चहा घेऊन गेलो. सर खिडकीशी फोन कानाला लावून उभे होते. मला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला.

"आई हाय गावाकडं. कानातलं मशीन चार्जिंगचं. दुपारपर्यंतच टिकतं, मग तिला काही ऐकू येत नाय. पण कबूल करत नाय. मी बोलायचं, तिनं व्हय व्हय म्हणायचं. मागल्या महिन्यात मामा गेला म्हणून सांगितलं. हसून व्हय म्हणाली."

"मग सकाळी करा ना फोन."

"सकाळी करतोच की. पण आज आत्ताच बोलावंसं वाटलं."

त्यांनी हात काढला आणि आईला सगळं सांगू लागले. लेप, महिने, ती पिन, ती माफी. एकदाही आवाज चढला नाही. तिकडून मधूनमधून "व्हय, व्हय" येत होतं.

मी चहावर बशी झाकली आणि दार ओढून घेतलं.