टीव्हीतल्या मुंग्या

वायरींच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! आमच्या घरात बटण दाबून जे जे म्हणून चालतं, ते माझ्यामुळे चालतं. बायकोच्या मते ते माझ्यामुळेच बंदही पडतं, पण तिचं सोडा.

तर माझी ताई रविवारी चार दिवस राहायला येणार होती. लहानपणी आमच्याकडे व्हिडिओ गेमचा एक डबा होता. गाड्यांची शर्यत! तो टीव्हीला अँटेनाच्या भोकातून जोडायचा, आणि पडद्यावर गाड्या कमी, मुंग्या जास्त. सिग्नल धड नसला की टीव्हीभर काळ्यापांढऱ्या वळवळतात ना, त्याच. दर वेळी ताई जिंकायची आणि दर वेळी मी बोंब ठोकायचो, "मुंग्यांमुळे हरलो! वळणच दिसलं नाही!" झालं! तिनं माझं नाव मुंगळ्या ठेवलं. आज माझं पोट सुटलंय, टक्कल पडलंय, ऑफिसात अकरा माणसं माझ्या हाताखाली आहेत, आणि तरी ताईचा फोन आला की पहिलं वाक्य, "काय रे मुंगळ्या?"

तेही चालवून घेतलं असतं. पण नेमक्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या मला अशा अदबीनं 'जावईबापू' म्हणतात, की मी आपोआप ताठ उभा राहतो. त्या आणि ताई चार दिवस एका छपराखाली! मी ताईला फोन लावला.

"ताई, सासूबाईंसमोर ते नाव नको हं."

"का रे? किती गोड आहे!"

"गोड कसलं डोंबलाचं!"

"मग हरवून दाखव मला. डबा असेलच तुझा माळ्यावर. जिंकलास तर ते नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. हरलास तर सासूबाईंना सगळं सांगणार. अगदी मुंग्यांसकट!"

"मंजूर!" मी म्हटलं. वायरींवरच ठरणार असेल, तर मी आधीच जिंकलो होतो.

शनिवारी डबा काढला. जुनी अँटेनाची वायर गंमत म्हणून लावून पाहिली. मुंग्यांचं वारूळ! मग पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन शेंड्यांची वायर लावली. मुंग्या गेल्या, पण गाड्यांचे रंग पावसात भिजलेल्या कपड्यांसारखे एकमेकांना लागले. मग जुन्या वायरी नव्या टीव्हीच्या चपट्या पिनेला जोडणारी छोटी डबी मध्ये घातली. चित्र काय लख्ख! पण मी बटण दाबलं की गाडी आधी विचार करायची आणि मग वळायची. तोवर भिंत यायची. शेवटी वायरीच्या दुकानदाराला फोन केला आणि जरा आवाज चढवूनच सांगितलं, "हे बघा, टीव्हीतल्या मुंग्या कायमच्या गेल्या पाहिजेत! उद्या ताई येतेय. एक मुंगी दिसली तरी माझी इज्जत जाईल!"

"पाच शेंड्यांची न्या," तो म्हणाला. "हिरवी, निळी, लाल चित्राला. दुसरी लाल आणि पांढरी आवाजाला. चित्र लख्ख आणि गाडी लगेच वळणार. फक्त दोन्ही लाल सारख्याच दिसतात, तेवढं सांभाळा."

"मला सांगताय?" मी हसलो. वायर आणली, लावली. अहाहा! गाडीच्या चाकातली तार न् तार मोजून घ्यावी!

रविवारी दुपारी अंघोळ करून बाहेर येतो तो काय! दिवाणखान्यात तोंडाला फडकं बांधलेला एक इसम, पाठीवर पंप, आणि हातात माझ्या पाचही वायरी, भाजीच्या जुडीसारख्या!

"अहो! काय करताय?"

"टीव्हीच्या मागे औषध मारलं. मुंग्या टीव्हीत आहेत ना?"

"कोणी सांगितलं?"

सासूबाई लाजत पुढे आल्या. "मीच बोलावलं हो. काल तुम्ही फोनवर केवढे कळवळून बोलत होता! म्हटलं, जावईबापूंची इज्जत जायला नको."

दातओठ खायचे तर तेही सासूबाईंसमोर! औषधवाला निघताना म्हणाला, "भिंतीतल्या आता तासभर बाहेर पडतील. घाबरू नका."

मला कसलं ऐकू येतंय! घंटा वाजली होती आणि ताई दारात उभी होती. मी टीव्हीमागे घुसून पाचही वायरी खुपसल्या. टीव्ही लावला. लाल गाडी हिरवीगार आणि एक स्पीकर भुंगा शिरल्यासारखा गुणगुणतोय!

"हीच का ती भारी वायर?" ताईनं विचारलं.

"दोन मिनिटं!" दोन्ही लाल शेंड्यांची अदलाबदल केली. चित्र पुन्हा लख्ख! बायकोनंसुद्धा चक्क "अरे वा!" म्हटलं.

शर्यत सुरू झाली. काय सांगू! मी पहिल्या फेरीत पुढे, दुसऱ्या फेरीत पुढे. ताईच्या कपाळावर घाम! रस्त्यावर मध्येमध्ये काळं तेल सांडलेलं असतं, त्यावर गेलात की गाडी घसरते. मी प्रत्येक डाग लीलया चुकवत होतो. शेवटचं वळण आलं. ताई मागे, समोर मोकळा रस्ता, आणि एकाएकी रस्त्याच्या मधोमध एक काळा ठिपका! तेल! मी झटकन डावीकडे वळलो. ठिपकाही डावीकडे आला. मी उजवीकडे मारली. तोही उजवीकडे! धाड! माझी गाडी भिंतीत, आणि ताईची निळी गाडी शांतपणे रेषेपार.

मी जवळ जाऊन पाहिलं. ठिपक्याला सहा पाय होते. तो सावकाश पडद्याच्या काठावरून मागे उतरला आणि दिसेनासा झाला.

"काय झालं रे? मध्येच कशाला वळलास?" ताईनं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळत होतं की हे बोलायचं नाही. जीव गेला तरी बोलायचं नाही. पण तोंड माझं ऐकेल तर ना!

"पडद्यावर... मुंगी होती."

ताई सोफ्यावर आडवी पडून हसली. मग उठली, डोळे पुसले आणि सासूबाईंना हाताला धरून शेजारी बसवलं. पाऊण तास सांगत होती. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी विसळत राहिलो. थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या. चेहऱ्यावर तीच माया, आवाजात तीच अदब.

"मनाला लावून घेऊ नका हो," त्या म्हणाल्या. "चहा टाकू ना, मुंगळेबापू?"