काउंटरवरच्या कीबोर्डचं गूढ

"घे लिहून," मामा म्हणाले आणि खोलीच्या मध्यभागी उभं राहून त्यांनी छाती पुढे काढली. पोट आधीच पुढे असल्यामुळे छातीला फारसा वाव मिळाला नाही. "तर्कसम्राट. कुशाग्र. अचूक. गुन्हेगारांचा कर्दनकाळ. ज्याच्या नजरेतून कसलंही कारस्थान सुटत नाही, असा या शहरातला एकमेव खासगी गुप्तहेर. झालं? वाच."

ठकीने पडद्याकडे पाहिलं. "तर्सम्राट. अचू. गुन्हेगारांचा... हे मला वाचता येत नाहीये, पण शेवटी नाळ आहे."

"नाळ?"

"आणि कुशाग्रमधला उकार नुसताच लोंबतोय. मामा, माझ्या कीबोर्डचा क गेलाय."

मामांनी डोळे बारीक केले. "गेलाय की पळवलाय?"

ठकी ही मामांची सख्खी भाची. वय चौतीस, दहा वर्षांचा संसार, तरी माहेरचं ठकी हे नाव काही सुटलं नाही. मामांनी तीस वर्षं लिफ्ट तपासनीस म्हणून काढली. या काळात ते इतके वर गेले आणि तितकेच खाली आले की निवृत्त होताना होते तिथेच होते. त्यानंतर त्यांनी गुप्तहेरी सुरू केली, आणि त्यांचे तपासाचे अहवाल टाइप करण्याचं काम ठकीच्या गळ्यात पडलं. नऊ वर्षांत चौदा प्रकरणं. त्यातली तेरा हरवलेल्या चष्म्याची, आणि चष्मा मामांचाच.

पण या वेळी प्रकरण खरोखरच ठकीच्या पोटावर येऊ पाहत होतं. एका दवाखान्यातले डॉक्टर तपासणीचे अहवाल तोंडी रेकॉर्ड करून पाठवायचे आणि ठकी ते घरबसल्या टाइप करायची. क बंद पडल्यापासून ती दर वेळी जुन्या मजकुरातून क कॉपी करून चिकटवत होती. गुरुवारी एक राहून गेला. दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "रुग्णाच्या र्तात साखर आढळली, म्हणजे कशात?"

"रक्तात, मॅडम."

"रुग्ण विचारतायत हा नवीन आजार आहे का. सोमवारपासून असं एक जरी झालं, तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

ठकीने वाईट वाटून घेतलं.

"घेतोच आहोत तर चांगला मेकॅनिकल घेऊ," नवरा लगेच म्हणाला. त्याच्या उत्साहाचं कारण उघड होतं. तो आणि त्याचे ऑफिसातले तिघं मिळून संध्याकाळी कॉम्प्युटरवर लढाया खेळायचे आणि रविवारी त्यांचा मोठा सामना होता. "दिवसा तुझा, संध्याकाळी माझा."

"आणि माझी झोप?" आतून ताईंनी विचारलं. ताई म्हणजे ठकीची मोठी नणंद. परिचारिका, सध्या रात्रपाळीला. सकाळी नऊला येऊन चारपर्यंत झोपायच्या. त्यांची खोली आणि ठकीचं टेबल यांच्यामध्ये एकच भिंत, तीही नावापुरती. "तुम्ही काय हवं ते आणा. फक्त मला ते आणलंय हे कळू देऊ नका."

"तीन माणसं, तीन अपेक्षा, एक कीबोर्ड," मामा गंभीरपणे म्हणाले. "याचा अर्थ तिघांपैकी एक जण खोटं बोलतोय."

"मामा, कोणीच खोटं बोलत नाहीये."

"ते तर आणखीच संशयास्पद आहे."

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदाराने तीन कीबोर्ड काचेवर मांडले. मामांनी तिघांना ओळख परेडीसारखं सरळ रेषेत लावून घेतलं.

"यांच्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो," दुकानदार सांगू लागला. "निळ्या स्विचचं बटण दाबलं की बोटाला बारीकशी ठेच लागते आणि टिक् वाजतं. तपकिरीत ठेच लागते, टिक् नाही. लाल सरळ खाली जातो, अगदी हलका. खेळणारे बहुतेक लालच नेतात."

"बुधवारी दुपारी तुम्ही कुठे होता?" मामांनी अचानक विचारलं.

"इथेच."

"साक्षीदार?"

"तुम्हीच की. चष्म्याची डबी विसरलात म्हणून परत आला होतात."

मामांनी वही मिटली. दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा होता, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत तिन्ही घरी नेऊन बघा म्हणाला.

शुक्रवारी दहा वाजता ठकीने निळा लावला. बोटांना मजा वाटली. अर्धं पान झालं असेल नसेल, तोच आतलं दार उघडलं. केस विस्कटलेल्या ताई उंबऱ्यात उभ्या. "वहिनी, गारा पडतायत का गं?"

मामांनी वहीत टिपलं: निळा बडबड्या आहे. खरा गुन्हेगार एवढं बोलत नाही. निर्दोष. सोडून द्यावा.

मग लाल. हा इतका हलका की बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटायचं. "रुग्णाला तीन दिवस तापपपप," ठकीने वाचलं आणि कपाळाला हात लावला. जेवायला घरी आलेल्या नवऱ्याने मात्र तो पाच मिनिटं वापरला आणि लहान मुलासारखा हरखून गेला. "अगं, मनात आणायच्या आधी माझा माणूस पळतोय!"

मामांनी टिपलं: लाल उतावळा आहे. नवऱ्याशी संगनमत.

दुपारी तपकिरी. ठकीचं मन त्याच्यावर बसलं. बोटाला नेमका टेका मिळत होता, चूक होत नव्हती, टिक् नव्हतं. पण प्रत्येक अक्षरागणिक खालचं टेबल ढोलासारखं घुमत होतं. दार पुन्हा उघडलं. या वेळी ताईंनी उशी काखेत मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर आडव्या झाल्या.

ठकीला ते गारांपेक्षा जास्त लागलं. बारा तास पेशंटची उठबस करून आलेलं माणूस आपल्यामुळे फरशीवर झोपतंय. तिने कीबोर्ड काढून ठेवला आणि उरलेले अहवाल जुन्यावरच, क चिकटवत चिकटवत पुरे केले.

शनिवारी संध्याकाळी सगळी वरात पुन्हा दुकानात गेली. ठकी कंटाळली होती. "साधा कुठलातरी द्या," ती म्हणाली. दुकानदार काउंटरवरच्या आपल्या कीबोर्डवर बिल करायला लागला आणि ठकीचे कान टवकारले. त्याची बोटं भराभर चालत होती, पण आवाज येत होता तो गालिच्यावरून कोणीतरी अनवाणी चालल्यासारखा. थप्. थप्. थप्.

"हा कुठला आहे?"

"हा? हा बिलाचा. जुना आहे, विकायचा नाही. नाव पुसलंय त्याचं."

"पुसलंय," मामा हळूच म्हणाले, "की पुसून टाकलंय?"

मग मामांना आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. आधी त्यांनी कीबोर्डचा वास घेतला. "तेल! प्रत्येक स्विचमध्ये गुप्तपणे तेल सोडलेलं आहे."

"ते माझ्या डोक्याचं असेल," दुकानदार म्हणाला. "विचार करताना मी डोक्यावरून हात फिरवतो."

मामांनी तो मुद्दा खोडला. "मग हा परदेशी लष्कराचा. शत्रूच्या तळावर बसून टाइप करता यावं म्हणून बनवलेला."

"मागच्या गल्लीतून घेतलाय हो."

"मग एकच शक्यता उरते." मामांचा आवाज खोल गेला. "तुम्ही टाइप करतच नाही आहात. बोटं नुसती हलतायत. आवाज तुम्ही काउंटरखालून पायाने काढताय!" असं म्हणून ते पुराव्यासाठी काउंटरखाली शिरले. खाली दुकानदाराचे दोन निष्पाप पाय होते. मामा विजयी होऊन नव्हे, नुसतेच वर आले, आणि वर यायच्या आधी त्यांचं डोकं फळीला आपटलं. काउंटर हादरला. दुकानदाराचा चहा कीबोर्डच्या दिशेने निघाला.

"अहो, उचला उचला!" मागून आवाज आला. दुकानात झाडपूस करणाऱ्या मावशी फडकं घेऊन धावल्या. त्यांनी एका हाताने कीबोर्ड उचलला आणि दुसऱ्या हाताने त्याच्याखालून एक चौघडी घातलेला टॉवेल ओढून काढला.

सगळे टॉवेलकडे बघत राहिले.

"हा काय?" ठकीने विचारलं.

"टॉवेल," मावशी म्हणाल्या. "काचेवर कीबोर्ड सरकायचा आणि खडखड वाजायचा. माझं डोकं उठायचं. म्हणून मीच घातला. वर्ष झालं."

"मला माहीतच नाही!" दुकानदार म्हणाला.

"तुम्ही कधी पुसायला उचललाय?"

दुकानदाराने कीबोर्ड उलटा केला, मग एक बटण उपटून आत पाहिलं. तपकिरी. घरून परत आणलेला होता तसलाच, फक्त जुना. ठकीने आपला तपकिरी कीबोर्ड टॉवेलच्या कोरड्या भागावर ठेवला आणि एक ओळ टाइप केली. थप्. थप्. थप्. तिला एकदम हसूच आलं.

"म्हणजे माझं लाल गेलं," नवरा पडेल आवाजात म्हणाला.

"जात नाही," दुकानदार म्हणाला. "याचे स्विच उपटून बदलता येतात. खेळताना पळायची बटणं चारच ना? तेवढ्या चार जागी लाल बसवतो."

ती चार बटणं मराठी टाइप करताना मात्रांची आणि अक्षराचा पाय मोडायची होती. मात्रा हलक्या झाल्या तर ठकीची काही हरकत नव्हती.

मामा इतका वेळ टेंगूळ चोळत उभे होते. ते मावशींसमोर जाऊन अदबीने म्हणाले, "तुमची नजर असामान्य आहे. माझ्या संस्थेत साहाय्यक म्हणून याल?"

"काम काय असतं?"

"प्रामुख्याने चष्मा शोधायचा."

"तो तुमच्या गळ्यात लटकतोय," मावशी म्हणाल्या आणि टॉवेल पिळायला निघून गेल्या.

रविवारचा सामना नवरा हरला, पण हरताना फार वेगाने पळाला असं त्याच्या मित्रांचं मत पडलं. सोमवारी सकाळी ठकीने घरातला जाड टॉवेल घडी घालून टेबलावर पसरला आणि कामाला बसली. दुपारी दोनपर्यंत सतरा अहवाल गेले. प्रत्येक रुग्णाचं रक्त आणि प्रत्येकाचं काळीज जागच्या जागी होतं. "आज छान आहे, असंच चालू ठेवा," एवढाच डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. ठकीने तो दोनदा वाचला. आतलं दार बंद होतं ते बंदच होतं.

तीनच्या सुमारास मामा आले. प्रकरण बंद करण्याआधी शेवटची शास्त्रीय चाचणी घ्यायची म्हणाले. ठकीला टाइप करत राहायची खूण करून ते चवड्यांवर चालत ताईंच्या खोलीत शिरले, भिंतीला कान लावला आणि श्वास रोखून उभे राहिले. ठकी टाइप करत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मामांचा चेहरा उजळत उजळत गेला आणि शेवटी त्यांना आनंद आवरेना.

"ठके!" ते गरजले. "इथे काही म्हणजे काहीही ऐकू येत नाही!"

ताई अंथरुणावर ताडकन उठून बसल्या.